दुकानात न मिळणारी नाताळची भेट

वाचकहो, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुम्ही कधी यवतमाळकडे आलात, तर एसटीच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीच पऱ्हाटी दिसेल. वेचणीच्या बाया ओटीत कापूस भरत असतात. जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असते. तूर शेंगांनी लदलेली असते. रात्री हुडहुडी भरते, तरी माळ्यावर बसून माणसे रानडुकरे आणि रोही हाकलीत जागल करतात. याच दिवसांत आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या दारावर चांदणीचा कंदील लागतो आणि नाताळची तयारी सुरू होते.

यवतमाळचे आणि ख्रिस्ती मिशनचे नाते जुने आहे. फ्री मेथडिस्ट मिशनचे काम या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालले. उमरीच्या मिशन दवाखान्याचे नाव खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था यवतमाळातच सुरू झाली. देशभरातले विद्यार्थी इथे शिकून गेले. 1983 साली ती पुण्याला हलली.

आमचा नाताळ तुमच्या दिवाळीहून फार वेगळा नाही. घरोघरी करंज्या, चकल्या होतात. रात्री तरुण मंडळी पेटी-ढोलकी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. पण अलीकडे एक गोष्ट वाढली आहे, ती म्हणजे भेटवस्तूंची. पोराला सायकल, सुनेला साडी, जावयाला घड्याळ. कापसाचे पैसे हाती आले तर ठीक, नाहीतर दुकानात उधारी. मीही बरीच वर्षे हेच केले. माझे डोळे उघडले ते 2017 साली.

ते वर्ष या जिल्ह्यातले कोणीच विसरणार नाही. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. अंगाची लाही करणारा दमट उकाडा होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून, तोंडाला फडके न बांधता, उघड्या अंगाने लोकांनी दाट पिकात शिरून फवारणी केली. औषधाचे तुषार अंगावर, डोळ्यांत, श्वासात गेले. एका यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात पडली.

मी कृषी विस्तार अधिकारी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावी आखाडात येऊन फवारणीची काळजी कशी घ्यायची ते दाखवतो, असा शब्द मी दिला होता. एकदा बैठक निघाली, एकदा पाऊस लागला, मग ते राहूनच गेले. त्या गावातला एक मजूर भाद्रपदात शेतातच कोसळला. जीव वाचला, पण नजर अधू झाली.

नाताळच्या आदल्या दिवशी एक साडी, मुलांचे कपडे आणि मिठाईचा पुडा घेऊन मी त्याच्या घरी गेलो. खरे सांगतो, मनातले ओझे पिशवीत भरून तिथे ठेवून यावे, असाच माझा हिशेब होता. त्याच्या बायकोने पाणी दिले, पिशवी बाजूला ठेवली आणि विचारले, "सायेब, तुमी आखाडात येतो म्हनलं होतं. काऊन नाही आले जी?"

कारणे पुष्कळ होती, पण एकही तोंडाबाहेर आले नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं, ताई. यायला पाहिजे होतं. मला माफ करा."

ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने खाटेवरून नवराच म्हणाला, "झालं ते झालं, सायेब. आता पुढच्या आखाडात या. दुसऱ्या कोनाचं माह्यावानी होऊ नये."

वाचकहो, मी भेट द्यायला गेलो होतो आणि भेट घेऊन परतलो. ज्याचे नुकसान झाले त्यानेच मला क्षमा दिली आणि करायला कामही दिले. त्या रात्री देवळात उपासनेला बसलो, तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा प्रसंग वाचला गेला. ख्रिस्तजन्माची वार्ता पहिल्यांदा कोणाला कळली? रानात रात्री जागल करणाऱ्यांना! मत्तयाच्या शुभवर्तमानातले ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले. मेंढपाळांनी काही आणल्याचे लिहिलेले नाही. ते उठून गेले, त्यांनी बाळ पाहिले आणि जे पाहिले ते लोकांना सांगितले. कोणी त्यांना रिकाम्या हाताने आले म्हणून परत पाठवले नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनीही अशा भेटी दिल्या आहेत. मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाईंनी 1897 च्या सुमारास शेकडो मुली-विधवा केडगावी आणल्या, त्यांना शिकवले, कामाला लावले. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले, पण नाते तुटू दिले नाही, आणि पुढे त्यांचा संसार पुन्हा जुळला. त्या घरात कितीतरी पोरकी मुले वाढली. यातले काहीही दुकानात विकत मिळणारे नव्हते.

कपडे, खाऊ देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. लेकराच्या अंगावर नवा सदरा पाहून कोणाला आनंद होत नाही? पण सदरा विरतो, आणि उधारीचा असेल तर विरल्यावरही फेडावा लागतो. म्हणून तुमचा सण कोणताही असो, त्या दिवशी एक तरी दुसरी भेट द्या. धुऱ्यावरून भावाशी बोलणे बंद असेल, तर तुम्ही आधी हाक मारा. म्हाताऱ्या आईजवळ घडीभर बसा. ज्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी स्वतःच्या हाताने गेला, त्या घरी सणाच्या दिवशी कोणी फिरकत नाही. तिथे जा आणि एक दिवस त्यांची वेचणी करून द्या. दिलेला शब्द राहिला असेल, तर तो पाळा. हे सारे गाजावाजा न करता करा.

मी माझा शब्द पाळतो आहे. दर आखाडात त्या गावी जातो. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ सांगतो, की हे सर्वांत जहाल विष. मनाने औषधे मिसळू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका, नाक-तोंड, डोळे आणि हात झाका, काम झाल्यावर साबणाने आंघोळ करा. तो मजूर माझ्या शेजारी बसतो. माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा त्याच्या दोन शब्दांचा परिणाम जास्त होतो.

गेल्या नाताळला त्या घरी गेलो, तेव्हा हाती फक्त घरच्या करंज्या होत्या. दारातूनच ताईंनी आवाज दिला, "या ना जी, भाऊ!" आधी मी सायेब होतो, आता भाऊ झालो. मला त्या वर्षी याहून मोठी भेट मिळाली नाही.

तुम्हा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. कापसाला भाव मिळो आणि घरात शांती नांदो.