उताराचा गिअर

मोटार चालविण्याच्या विद्येतील निम्मे शिक्षण पूर्वी डाव्या पायाचे असे. क्लच किती दाबावा, किती हळू सोडावा, चढावर गाडी मागे न घसरू देता पुढे कशी काढावी, हे ज्यास साधले त्यास मोटार आली, असे इंदुरातील आमच्या पिढीत मानीत. अँबॅसिडर असो वा पद्मिनी, गिअरची दांडी बहुधा स्टिअरिंगच्या बगलेत असे, आणि ती कोणत्या क्षणी कोठे न्यावयाची हे इंजिनाच्या आवाजावरून कळत असे. तो आवाज ओळखणे हीच खरी परीक्षा.

हे काम यंत्राकडे सोपविण्याची खटपट तशी जुनी आहे. अमेरिकेत १९३९ साली ओल्ड्समोबिल कंपनीने आपली ‘हायड्रामॅटिक’ योजना पुढे आणली, तेव्हापासून तेथील लोकांच्या डाव्या पायास विश्रांती मिळू लागली. आपल्याकडे मात्र मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आवाक्यात ही सोय आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओच्या रूपाने. तिच्यातील युक्ती साधी होती. गिअरपेटी नेहमीचीच, क्लचही नेहमीचाच. केवळ क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही दोन कामे माणसाऐवजी एक यंत्रणा करी. तेव्हापासून अनेक कंपन्यांनी ही पद्धत उचलली. महागड्या गाड्यांत याहून निराळ्या तऱ्हाही आहेत. परंतु चालविणाऱ्याच्या दृष्टीने फळ एकच, की पायांशी तीनऐवजी दोनच पेडल उरतात.

आमच्या घरी अशी गाडी आली ती हौसेने नव्हे. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच दाबणे आम्हांस वर्ज्य झाले. चिरंजिवांचे म्हणणे असे, की बाबांनी आता सत्तरी ओलांडली, एखादा ड्रायव्हर ठेवावा आणि मागे स्वस्थ बसावे. यात काळजी होती, हे आम्ही जाणून होतो. परंतु वर्षातून एकदा महेश्वरला जाऊन नर्मदेचे दर्शन घ्यावयाचे, मातोश्रींच्या अस्थी जेथे विसर्जित केल्या त्या घाटावर क्षणभर बसावयाचे, आणि तेथवर आपल्या हाताने गाडी न्यावयाची, हा नेम आम्ही कित्येक वर्षे पाळीत आलो होतो. शेवटी सूनबाईंनी तोड काढली : स्वयंचलित गाडी घ्यावी, आणि बाबांनी ती नीट शिकून घ्यावी.

गावात शिकण्यासारखे फारसे काही नव्हते. दांडी ‘डी’वर ठेवावी, पाय उचलावा, दाबावा, झाले. राजवाड्याच्या गर्दीत ही सोय वरदानासारखी वाटली. खरा प्रश्न होता महूच्या पुढचा. इंदूर आणि महू माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. महेश्वर खाली निमाडात, नर्मदेच्या काठी. मधली उतरण विंध्याची. अहिल्यादेवींच्या काळच्या जाम दरवाजापाशी उभे राहिले की पायाखाली सारा निमाड पसरलेला दिसतो, आणि रस्ता वळणे घेत तिकडेच खाली उतरू लागतो.

अशा उतारावर ‘डी’तील गाडीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. आपण पाय उचलला की यंत्रणेची समजूत होते, की आता जोराची गरज नाही. मग ती वरचा गिअर घालते. समोर वळण आहे, पुढे उतार आणखी तीव्र आहे, हे तिला दिसत नाही. काही नव्या गाड्या उतार ओळखतात. परंतु रस्ता पाहणारा डोळा अखेर चालविणाऱ्याचाच. वरच्या गिअरात गाडी मोकळी धावू लागते, आणि तिला आवरण्याचे सारे ओझे ब्रेकवर पडते. हे ओझे किती, याचा हिशेब आम्ही एकदा मांडून पाहिला. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिने दहा-अकरा लिटर साधे पाणी उकळीस यावे. ती सारी ब्रेकनेच जिरवावयाची म्हटले, तर ती उष्णता चकत्यांत साठते, पॅड तापून त्यांची पकड सैल होते, आणि ब्रेकचे तेल जुने, ओल धरलेले असेल तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पायाखाली मऊ लागते. उताराच्या ऐन मध्यावर हा अनुभव कोणासही न येवो.

जुने ड्रायव्हर याचे उत्तर एका वाक्यात सांगत : ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा. स्वयंचलित गाडीत हेच उत्तर ‘एम’ या अक्षरामागे दडलेले असते. दांडी ‘डी’तून ‘एम’कडे सरकविली, की गिअर निवडणे पुन्हा आपल्या हाती येते. क्लच नाहीच, दांडी एकदा एकीकडे लोटली की वरचा गिअर, दुसरीकडे लोटली की खालचा. अधिकाची खूण पुढे की मागे, हे गाडीगणिक बदलते. ते दांडीशेजारी कोरलेले असते आणि निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. चालू गिअरचा आकडा समोरच्या काचेत दिसतो.

सूनबाईंनी आमची शाळा भरविली ती सुपर कॉरिडॉरवर, रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना. पहिला धडा आवाजाचा. चाळीसच्या वेगावर तिसऱ्यातून दुसरा घातला की इंजिन एकदम वरच्या पट्टीत जाते, आणि आमच्या पिढीचा हात आपोआप वरच्या गिअरकडे धावतो. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आवाजाला भिऊ नका. काटा लाल पट्ट्याच्या किती अलीकडे आहे ते पाहा.” काटा पुष्कळच अलीकडे होता. दुसरा धडा असा, की गाडी आपली आज्ञा डोळे मिटून पाळत नाही. वेग फार असताना खालचा गिअर मागितला, तर इंजिनास इजा होऊ नये म्हणून ती तो नाकारते. आणि वेग फार उतरला तर न विचारता स्वतःच खालचा घालते, म्हणजे इंजिन बंद पडत नाही. तिसरा धडा असा, की गिअर उताराच्या आधी बदलावा, उतारात सापडल्यावर नव्हे.

येथेच एका जुन्या समजुतीचाही निकाल लागला. उतारावर न्यूट्रल केले की पेट्रोल वाचते, असे कार्बोरेटरच्या काळात पुष्कळ जण मानीत. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअर घातलेला आणि पाय उचललेला असेल, तर ठराविक फेऱ्यांच्या वर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो, चाकेच इंजिनास फिरवितात आणि त्या श्रमाने गाडी आवरली जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यास पेट्रोल जळतच राहते, आणि गाडी मोकाट सुटते ती वेगळीच.

मग एका हिवाळ्यात आम्ही निघालो. सूनबाई शेजारी, मागे आमच्या वहिनी आणि नातू. जाम दरवाजापुढे उतार लागण्यापूर्वी दांडी ‘एम’कडे घेतली, तिसरा घातला, आणि पहिल्या तीव्र वळणाआधी दुसरा. वेग तीसच्या आसपास आपोआप बांधला गेला. ब्रेक लागला तो वळणावळणाशी, थोडा पण निश्चित. लावला की सोडला. चढून येणाऱ्या वाहनांस आम्ही वाट देत होतो; अरुंद घाटात तो मान चढणाऱ्याचाच असतो. पुढची एक गाडी मात्र सबंध घाटभर मागचे तांबडे दिवे पेटते ठेवून उतरली, आणि खाली आल्यावर तिच्या चाकांतून जळका वास येत होता. वहिनींना एरवी गाडी लागते, त्या दिवशी त्यांनी खाली पोहोचल्यावरच विचारले, “भाऊजी, घाट संपला?” सूनबाईंनी घरी फोन करून एवढेच कळविले, की बाबांनी उत्तम उतरविली. ड्रायव्हरचा विषय त्या वर्षी पुन्हा निघाला नाही.

आमच्या वयाच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की गावातल्या गर्दीत ‘एम’ची गरज नाही, तेथे यंत्रास त्याचे काम करू द्यावे. परंतु सपाट, रिकाम्या रस्त्यावर दोन-चार सकाळी त्याचा सराव अवश्य करावा. लांब चढावर गाडी दोन गिअरांत घुटमळू लागली, किंवा दुपदरी रस्त्यावर मोठ्या वाहनास मागे टाकावयाचे असले, तरी आधीच एक गिअर खाली घेतल्याने पुष्कळ निभते.

किल्ली कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागणार, हे आम्हांस मान्य आहे. त्याची खूणही आम्ही सूनबाईंशी बोलून ठरविली आहे. ज्या वर्षी जाम दरवाजापाशी उतार लागेपर्यंत आमचा हात दांडीकडे गेला नाही आणि त्यांना आठवण करून द्यावी लागली, त्या वर्षी परतीचा घाट त्या चढवतील आणि पुढच्या खेपेपासून आम्ही वहिनींच्या शेजारी मागे बसू. यंदाची खेप माघात ठरली आहे. त्यापूर्वी ब्रेकचे तेल बदलून घ्यावयाचे आहे.