मार्का

आमच्या आण्णांचा मार्का म्हणजे एक गोल आणि त्याच्या पोटात आडवी रेघ. थंडीत आमच्या करकंबहून बोरांची पोती पुण्याला गुलटेकडीला निघाली की गाडी भरायच्या आधी ते काडीला चिंधी गुंडाळत, लाल रंगात बुडवत आणि पोत्यापोत्यावर तो गोल ओढत. रंग हाताला लागायचा, धोतराला लागायचा, आणि आईची बोलणी खावी लागायची. तिकडं आडत्याच्या गाळ्यावर गावोगावची पोती एकावर एक पडलेली असत. हमालाला नावं वाचायला सवड नसे, पण गोलातली रेघ लांबूनही दिसे. विक्रीची पट्टी यायची ती त्या गोलाच्या हिशेबानं. हा मार्का ठरवला कुणी, असं मी एकदा विचारलं. आण्णा म्हणाले, "पहिल्या खेपेला ड्रायव्हर घाई करीत होता. हातातनं ज्ये निघालं त्ये निघालं."

हे आठवायचं कारण माझा पुतण्या. टाळेबंदीत तो पुण्याहून गावी आला आणि इथंच राहिला. दिवसा कंपनीचं काम करतो, रात्री फुकटचं. 'फुकटचं' हा आईचा शब्द. तो स्वतः 'ओपन सोर्स' म्हणतो. जुन्या फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर नव्या संगणकावर उघडला की त्याची रांगोळी होते. ती पुसून धड युनिकोड मराठी करणारा एक छोटा प्रोग्राम तो आणि आणखी दहाबारा जण मिळून लिहितात. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. प्रोग्राम कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, पुढं वाटावा. आता त्यांना लोगो हवा होता. पाच चित्रं उरली होती आणि रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकानं मत द्यायचं होतं.

त्यानं लॅपटॉप आज्जीपुढं धरला. आईनं चष्मा पदराला पुसला. पहिलं चित्र पुलाचं होतं, जुन्या फाँटाकडून नव्याकडं नेणारा पूल. "ह्यो इळा हाय का?" दुसऱ्यात बोरू आणि दौत. "समई दिसतीय." तिसरं फुलपाखरू तिनं बरोबर ओळखलं, पण "तुझ्या कामात ह्याचं काय काम?" म्हणून निकालात काढलं. दातेरी चाकावर ती काही बोललीच नाही. पाचव्यात नुसता 'अ' होता, डावीकडून ठिपक्यांत फुटलेला, उजवीकडं धड. आई त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. "ह्ये अक्षार दुखण्यातनं उठल्यागत दिसतंय."

पुतण्या हसला आणि त्यानं ते वाक्य लिहून घेतलं.

याच बाईनं शौचालयाच्या भिंतीवरचा, स्वच्छ भारतचा गांधीजींचा चष्मा एका नजरेत ओळखला होता. तेही चित्र खुल्या स्पर्धेतूनच आलं होतं, २०१४ साली. ते काढणारे अनंत खासबारदार कोल्हापूरचे. म्हणजे लोकांकडून चित्र मागवलं की ते फसतंच असं नाही. पण अक्षराचं चित्र असेल तर ते अक्षर येणारा माणूस बघणाऱ्यांत असावा लागतो. विकिपीडियाचा कोड्याच्या तुकड्यांचा गोळा २००३ साली असाच जगभरच्या लोकांनी स्पर्धा घेऊन, मतं देऊन निवडला. त्यातल्या एका तुकड्यावर आपला 'वि' होता. वेलांटी मात्र 'व'च्या आधी यायची ती नंतर येऊन बसलेली. संगणकाच्या पोटात 'व' आधी आणि वेलांटी मागून साठवलेली असते. देवनागरीची रीत माहीत नसलेला प्रोग्राम ती तशीच ओळीनं मांडतो. २०१० साली गोळा नव्यानं घडवला तेव्हा वेलांटी जागेवर आली. तोवर जगातला सगळ्यात मोठा ज्ञानकोश सात वर्षं कपाळावर अशुद्धलेखन मिरवत होता. मला याचा राग कमी आणि गंमत जास्त वाटते. मतं देणाऱ्या गर्दीत आपल्यातलं कोणी नसलं, की आपली वेलांटी कुठंही बसते.

पुतण्याची तक्रार वेगळीच होती. 'दुसऱ्या'तला अर्धा र फाँट बदलताना नाहीसा होतो. त्यावर काय उपाय करावा, असं त्यानं सगळ्यांना विचारलं, तर दोघांनी उत्तर दिलं. लोगोतला निळा आकाशी असावा की मोरपंखी, यावर मात्र एकूण एक जण बोलला. पार्किन्सन नावाच्या इंग्रजानं १९५७ सालीच हे लिहून ठेवलंय. त्याच्या गोष्टीतली समिती अणुभट्टीचा खर्च चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या छपरावर पाऊण तास भांडते. देवळाच्या शिखराचा रंग ठरवताना कुठल्याही गावात बसून बघावं; पाया कुणी विचारत नाही. पुतण्याला हा वेळेचा नास वाटतो. मला नाही वाटत. अर्ध्या 'र'वर बोलायला अभ्यास लागतो, निळ्यावर बोलायला डोळे पुरतात. जो माणूस वर्षभर गप्प होता तो मोरपंखीवरून भांडला, म्हणजे हे आपलं आहे असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

बाकी मतदानात जिंकतं तेच टिकतं, असंही कुठं आहे? लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा पेंग्विन घ्या. तिचा कर्ता लिनस टोरव्हाल्ड्स याला पोटभर जेवून सुस्तावलेला, गुबगुबीत पेंग्विन हवा होता. लॅरी युइंगनं १९९६ मध्ये तो काढला, तोही गिंप या मुक्त प्रोग्रामातच. लोगोच्या स्पर्धांत हा पेंग्विन हरला. आज जिंकलेलं चित्र कुणाला आठवत नाही आणि पेंग्विन जिकडंतिकडं आहे. युइंगनं एवढंच म्हटलं होतं, की वापरा, बदला, फक्त कुणी विचारलं तर माझं आणि गिंपचं नाव सांगा.

माझा घोळ निराळा आहे. आण्णांचा गोल 'हे पोतं माझं, पैसे मला' असं सांगायचा. पुतण्याच्या प्रोग्रामाला मालकच नाही, मग त्याचा मार्का काय सांगणार? कोड सगळ्यांचा असला तरी निशाणी बहुधा कुणाची तरी असते, आणि तिथंच ठिणगी पडते. लिनक्सचंच एक रूप वाटणारे डेबियनवाले फायरफॉक्स ब्राउझर आपल्या हातानं दुरुस्त करून वाटत. २००६ साली तो बनवणारी मोझिला म्हणाली, कोड खुशाल बदला, मग आमचं नाव आणि कोल्हा मात्र लावू नका. डेबियननं त्याला 'आइसवीझल' म्हणून वाढवलं, पार २०१६ पर्यंत. त्याच डेबियनच्या लाल भोवऱ्याच्या लोगोची दोन रूपं आहेत, एक सगळ्यांना मोकळं आणि एक बाटलीसकट, फक्त संस्थेच्या अधिकृत कामापुरतं. मोकळेपणा सांगणाऱ्यांनाही एक पोतं झाकून ठेवावंसं वाटलं. यात मला ढोंग दिसत नाही. भलत्यानंच आपला गोल काढून किडकी बोरं पाठवली, तर पट्टी कुणाची पडणार?

आमच्याकडं वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बांध मोजले, बोरीची झाडंसुद्धा मोजून घेतली. मार्का कुणाचा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या हंगामात आण्णांच्या भावाच्या, तात्यांच्या पोत्यांवरही गोल आणि आडवी रेघ. हमालाला दोन्ही एकच. दोन पट्ट्या एकमेकांत मिसळल्या आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. २०१० मध्ये ओपनऑफिसची माणसं कोड घेऊन वेगळी निघाली, तेव्हा त्यांनी मालक ओरॅकलकडं जुनं नाव मागितलं. ते मिळालं नाही आणि तात्पुरतं ठेवलेलं 'लिब्रेऑफिस' हेच नाव कायम झालं. हे मी पुढं कधीतरी वाचलं तेव्हा मला तात्याच आठवले. त्यांनी शेवटी रेघ उभी केली. आण्णा गेले त्याला आता किती वर्षं झाली, पण उभी रेघ बघितली की आई अजून तोंड फिरवते.

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी करकंबला मुक्कामाला येते. सगळं गाव पताकांनी भगवं होतं. ती पताका कुणी आखली, रंगाची छटा कुणी ठरवली, काही नाही. कुणीही कापड आणावं, काठी घ्यावी, चालू लागावं. मालकी न सांगणारी निशाणी मी तेवढीच पाहिली. अर्थात कुठली दिंडी कुठल्या क्रमांकानं चालायची, यावर तिथंही बारीक लक्ष असतंच.

परवा जेवताना पुतण्याला विचारलं, शेवटी ठरलं काय? दोन मतांनी पूल जिंकला. 'अ' दुसरा. पण आज्जीचं बोलणं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि आता पुलाला पूल कुणी म्हणत नाही. बेळगावचा एक जण तर नवी आवृत्ती तयार झाली की एवढंच लिहितो, "इळा लावून टाकलाय."

आईनं भाकरी उलटली. "मग मी काय वेगळं म्हणत हुते?"