दळणाचा डबा

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून पुढे जाणाऱ्या परिक्रमावासीयाला नर्मदाकाठी सदावर्त, म्हणजे स्वतः रांधून खाण्यासाठी कोरडा शिधा, दिला जातो. त्यात डाळ-मिठाबरोबर गव्हाचे पीठ असते, कारण चालत्या माणसाजवळ जाते नसते आणि दळणाचे कष्ट त्याच्यासाठी कोणीतरी आधीच उपसलेले असतात. हे कष्ट कोणी उपसायचे आणि त्या बदल्यात धान्यावरचा हक्क कोणाकडे जायचा, या प्रश्नाभोवतीच दळणाच्या व्यवसायाची वाढ झाली आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे आणि पुढे 1956 पर्यंत नागपूरहून चाललेल्या कारभारामुळे जबलपुरात मराठी घरे रुजली. त्या घरांत विसाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेल्या पिढीने दळणाच्या तीन अवस्था पाहिल्या. आजीचे जाते पहाटे फिरत असे. ओवीचा गोडवा आठवणाऱ्यांनी तिच्या तळहातावरचे घट्टेही आठवावेत, कारण ते घालवणे हा विजेच्या चक्कीचा मोठा उपकार आहे. ही चक्की दळणावळ, म्हणजे केवळ दळण्याची मजुरी, घेई आणि गहू घरचाच राही. डबा घेऊन गेलेले पोर आधी कोणाचे दळण झाले हे विचारी, कारण दगडांत राहिलेली बाजरी पुढच्या गव्हात उतरे आणि उपासाच्या राजगिऱ्यात गव्हाचा कणही चालत नसे.

तिसरी अवस्था व्यापारी गिरणीची, जी धान्य स्वतः विकत घेते आणि पीठ किंवा तांदूळ विकते. ग्वारीघाट स्थानकावरून 2015 पर्यंत धावलेली नॅरोगेज ज्या गोंदियाच्या मार्गाची होती, ते शहर भातगिरण्यांसाठीच ओळखले जाते. 1958 च्या कायद्याने अशा गिरण्यांना परवाना सक्तीचा केला आणि 1997 मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर हा व्यवसाय खुला झाला. गव्हाच्या रोलर गिरणीत, म्हणजे पोलादी रुळांमधून टप्प्याटप्प्याने दळणाऱ्या गिरणीत, मैद्यासाठी कोंडा आणि अंकुर वेगळे काढतात, कारण अंकुरातल्या तेलाने पीठ लवकर खवट होते आणि दूरच्या बाजारासाठी ते टिकावे लागते.

चक्कीचे पीठ थोडे दिवस टिकते, पण त्यात आपलाच गहू अंकुरासह परत येतो. म्हणून पाकिटाची सोय घेणाऱ्या घरानेही महिन्याचे एक दळण गल्लीतल्या चक्कीवर द्यावे.