व्हेनिसने ऐकलं, आपण कधी ऐकणार?



काही वर्षांपूर्वी मी एका आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला गेले होते. डेलिगेट पास एका मैत्रिणीने काढून दिला होता. जातीवरचा एक सिनेमा संपला, टाळ्या झाल्या आणि शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "असं अजूनही होतं का हो?" मी म्हणाले, "होतं." त्या "भयंकर आहे" म्हणाल्या आणि पुढच्या सिनेमाची रांग धरायला धावल्या. मला त्यांचा राग आला नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. आपल्या दुःखावरच्या सिनेमाला पुरस्कार मिळतो, तेव्हा ज्यांचं ते दुःख आहे त्यांच्या पदरात काय पडतं?

'कोर्ट'चं उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१४ मध्ये ७१ व्या व्हेनिस महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या या मराठी सिनेमाला दोन पुरस्कार मिळाले. एक 'ओरिझोंती' विभागातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, दुसरा पहिल्या चित्रपटासाठीचा 'लायन ऑफ द फ्यूचर'. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की महोत्सवात एकच स्पर्धा असते. तसं नसतं. 'गोल्डन लायन'ची मुख्य स्पर्धा वेगळी, ओरिझोंती वेगळी, त्यांच्या ज्युरीही वेगळ्या. ज्युरीच्या आधी निवड समिती असते. जगभरातून आलेल्या सिनेमांतून कोणते दाखवायचे ते ती ठरवते. म्हणजे आपली गोष्ट सांगण्यालायक आहे की नाही, याचा पहिला निकाल एका बंद खोलीतच लागतो. पहिल्या चित्रपटाच्या पुरस्काराचे एक लाख डॉलर दिग्दर्शक आणि निर्माता यांच्यात वाटले जातात. पुढे 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि भारताने ऑस्करसाठी तोच पाठवला.

सिनेमात काय आहे? गटारात उतरणारा कामगार वासुदेव पवार मरतो. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिरालाच अटक होते. तारखांवर तारखा पडत राहतात.

तेव्हा चळवळीतले काही मित्र म्हणाले, "मरतो आपण आणि बक्षीस घेतात दुसरे." मीही हे वाक्य एका बैठकीत टाळ्या घेत वापरलं होतं. आज मला ते अर्धंच खरं वाटतं. नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार कोण होते? नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. सिनेमातली गाणी संभाजी भगत यांची. व्हेनिसच्या ज्युरीने जो आवाज ऐकला, तो आपल्या जलशांचा, आपल्या शाहिरीचा आवाज होता. "दुसऱ्यांनी घेतलं" असं म्हणताना आपण आपल्याच माणसांचं श्रेय पुसतो. एप्रिल २०२१ मध्ये, भीमजयंतीच्या तोंडावर, कोरोनाने वीरा साथीदार गेले. त्यांच्या नावाने आपल्या किती वस्त्यांत 'कोर्ट' दाखवला गेला?

उरलेलं अर्धं मात्र तितकंच खरं आहे. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, याने फरक पडतोच. २०१३ मध्ये मुंबईच्या महोत्सवात नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'ला ज्युरीचा मोठा पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये 'सैराट' बर्लिनला दाखवला गेला. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो, कारण तो दगड कुठून येतो हे दिग्दर्शकाला माहीत आहे.

गेल्या वर्षी वर्षावासात एका रविवारी, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन संपल्यावर, आम्ही विहारात 'कोर्ट' लावला. प्रोजेक्टर उसना, पडदा म्हणून पांढरी चादर. पहिल्या अर्ध्या तासात बरीच पोरं उठून गेली. सिनेमा संथ आहे, त्यांचा दोष नाही. मागे भिंतीला टेकून एक मावशी बसल्या होत्या. त्यांचे मालक २०१७ मध्ये चेंबरमध्ये उतरले ते परत आलेच नाहीत. ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव नव्हतं, म्हणून पालिकेने हात झटकले. ठेकेदाराने पन्नास हजार दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला.

पडद्यावर वासुदेवची बायको साक्षीला उभी राहिली. गटारात उतरण्याआधी नवरा काय बघायचा, ते ती सांगते. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, असं समजायचं. विहारात एकदम शांतता पसरली. सिनेमा संपल्यावर मावशी म्हणाल्या, "तिला निदान कुणी इचारलं तरी. मला कुणी कोर्टात उभंबी केलं न्हाई."

मित्रहो, समाजशास्त्रात एम. ए. करताना मी 'प्रतिनिधित्व' या विषयावर कितीतरी पानं लिहिली. मावशींच्या या दोन वाक्यांत जे होतं, ते त्या पानांत नव्हतं.

आता तारखा बघा. 'कोर्ट' व्हेनिसला जिंकला त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा. म्हणजे मावशींचे मालक गेले तेव्हा कायदा होता, निकाल होता आणि जगभर गाजलेला सिनेमासुद्धा होता. फक्त या तिन्हींची खबर मावशींपर्यंत नेणारं कुणी नव्हतं. ते काम ज्युरीचं नव्हतं. ते आपलं होतं आणि आपण केलं नाही. मी त्याच वस्तीत तीन वर्षं काम करत होते, हेही इथे कबूल करते.

म्हणून पुरस्काराला नाक मुरडणंही नको आणि नुसतं स्टेटस ठेवून अभिमान मिरवणंही नको. पुरस्कारामुळे एक दार उघडतं. ज्या गोष्टीकडे इथलं वर्तमानपत्र ढुंकून बघत नव्हतं, तिच्यावर बोलावं लागतं. त्या दारातून आत शिरायचं काम आपलं. आपल्या पोरापोरींनी कॅमेरा शिकावा, निवड समितीत आणि ज्युरीत बसण्याची तयारी करावी. 'शिका' म्हणजे फक्त स्पर्धा परीक्षा नव्हे. आणि विहारात सिनेमा दाखवाल त्या दिवशी कायद्याची प्रत आणि अर्जाचा नमुना सोबत ठेवा.

त्या रात्री उठून न गेलेल्यांपैकी तीन पोरं दुसऱ्या आठवड्यात मावशींबरोबर आली. जुने कागद गोळा केले, जबाब लिहून घेतले, नुकसानभरपाईचा अर्ज दिला. पोच मिळाली आहे, पैसे नाहीत. दर महिन्याला चकरा चालू आहेत. मावशी आता स्वतःच साहेबाच्या टेबलापुढे उभ्या राहून बोलतात, आम्ही मागे उभे असतो.

जयभीम!