एंगेज लागणारा आपत्कालीन नंबर

मंडळी, पाऊस तोंडावर आलाय. होड्या किनाऱ्याला लागतायत, दरडीखालच्या वाड्यांना नोटिसा निघतील, मग आपत्कालीन नंबरांची यादी येईल. मीही ती शेअर करीन. पण यादीतला नंबर एंगेज लागला तर काय, हे कुणी सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रात्री आंब्याचं झाड विजेच्या तारांवर पडलं. तारा रस्त्यात, अंधार, त्यातून मोटारसायकली चाललेल्या. यादीतल्या एका नंबरला सतरा वेळा फोन लावला. सतराही वेळा एंगेज. पलीकडचा माणूस झोपला नव्हता, कुणाशी तरी बोलतच असणार. त्याला दोष नाही. पण साध्या लँडलाइनवर एंगेज लागला की मिस कॉलसुद्धा पडत नाही. म्हणजे आमच्या सतरा फोनांची नोंद शून्य. शेवटी पोरांनी टायर आडवे टाकून रस्ता अडवला.

यावर उपाय फार जुना आहे. ट्रंक कॉलच्या काळात मुंबईचा कॉल बुक करायचा आणि घरी वाट बघत बसायचं. लाइन मिळाली की एक्स्चेंजमधली बाई उलट फोन करायची. पुढे हेच काम यंत्र करू लागलं. इंग्लंडात एंगेज लागला की ५ दाबायचं, अमेरिकेत स्टार ६६. फोन ठेवून द्या. एक्स्चेंज त्या नंबरवर लक्ष ठेवतं, तो मोकळा झाला की आधी तुमची घंटी वाजते, तुम्ही उचलला की पलीकडची. मोबाइलच्या जीएसएम मानकातही ही सोय लिहून ठेवलेली आहे. आपण मात्र अजून रिडायलवर अंगठा झिजवतोय. शंभर माणसं एकदम रिडायल करत बसली की लाइन आणखीच तुंबते. ज्याचा अंगठा चपळ, त्याचा फोन लागतो. ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो राहतो मागे.

कुणी म्हणेल, ११२ आहे की. आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर तोच लावा. पण घाट चालू आहे का, नदीला पाणी किती चढलंय, तारेत करंट आहे का, हे लोक गावच्या, तालुक्याच्या नंबरलाच विचारणार.

अर्थात टॉवरच पडला तर कसला कॉलबॅक! ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या कितीतरी गावांत वीजही नव्हती आणि रेंजही. मुंबईतले चाकरमानी गावातल्या आईबापाचा आवाज ऐकायला दिवसचे दिवस तडफडले. तिथे वायरलेस, सॅटेलाइट फोन हवेत, तो वेगळा विषय. पण फोन चालू आहे, माणूस बसलेला आहे, आणि तरी गाऱ्हाणं पोचत नाही, याला वादळ जबाबदार नाही.

मोठी यंत्रणा लागत नाही हो. एंगेज असताना आलेले नंबर क्रमाने दिसतील अशी लाइन आणि उलट फोन करायला एक जादा माणूस. बँका कर्ज विकायला एवढं करतातच ना?

तालुक्याच्या मान्सूनपूर्व बैठकीत मी हा प्रश्न लेखी देणार आहे. तुमच्याकडे नंबर एंगेज लागल्याचा अनुभव असेल तर तारीख, वेळ आणि गाव कमेंटमध्ये टाका, ते सोबत जोडतो. उत्तर काय मिळतं ते इथेच टाकेन.