अंगठ्याची साक्ष

ज्या कारागिराच्या हातांच्या आधी त्याचे पारखणारे इंद्रिय थकते, त्याला आपल्या हत्यारांचा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळू लागले आहे. लिनक्सच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या, पण अँड्रॉइडच्या हमरस्त्यापासून दूर राहिलेल्या फोनांसाठी खेळ तयार करणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. आणि या उद्योगात कोणते इंजिन घ्यावे, कोणती लायब्ररी नाकारावी, याचा निवाडा करताना मी एकाच साक्षीदाराचा जबाब ग्राह्य मानीत आलो, तो म्हणजे माझा उजवा अंगठा. पडद्यावर बोट टेकल्यापासून चित्र हलेपर्यंत जो काळ जातो, त्यात दोन फ्रेमची जरी वाढ झाली तरी तो मला सांगत असे, आणि त्याचे सांगणे मी कोणत्याही छापील कोष्टकाहून अधिक प्रमाण मानीत असे. अलीकडे त्याचा जबाब संदिग्ध होत चालला आहे. खेळातली उशिरा सुटलेली बैलजोडी त्याला वेळेवर सुटल्यासारखी वाटते. आणि त्याहून दुःसह म्हणजे, वेळेवर सुटलेल्या जोडीविषयी तो कधीकधी शंका घेतो.

याच सुमारास पवनीकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे शिकू लागली. "सर, आपण सरळ गोदो का घेत नाही?" हा गोदो या तयार इंजिनाविषयीचा तिचा पहिलाच प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी फार दिवसांपासून तयार आहे, आणि ते मी अनेकांना ऐकवलेही आहे. परंतु ज्या साक्षीवर ते उभे होते तीच डळमळीत झाल्यामुळे, त्या दिवशी प्रथमच मला ते उत्तर तोंडावर येऊनही उच्चारता आले नाही.

ज्या खेळापायी हा सारा ध्यास लागला तो शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा आहे. धानाची मळणी उरकून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या भंडारा जिल्ह्यात पटांचे दिवस येतात. झेंडी पडते, धुरकरी जोडी सोडतो, आणि काही सेकंदांत साऱ्या वर्षाच्या खुराकाचा व निगेचा निकाल लागतो. जोड्यांमधले अंतर सेकंदाच्या शतांशांत मोजले जाते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले, १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने सशर्त मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या साडेसात वर्षांत ज्या पोरांना पट पाहायलाच मिळाला नाही त्यांच्यासाठी तो पडद्यावर उभा करावा, असे माझ्या मनाने घेतले. आणि मुक्या जनावरांचे हाल होऊ नयेत असे मनापासून मानणाऱ्यालाही झेंडीच्या त्या क्षणाचे आकर्षण निर्दोषपणे अनुभवता यावे, हीही त्यामागची एक इच्छा होती.

तो क्षणच माझा वैरी ठरला. रंग, बैलांची चाल, धूळ, हलगीचा आवाज या गोष्टी कोणत्याही साधनाने साधतात. साधत नाही ती झेंडी आणि बोट यांच्यामधल्या काळाची स्थिरता. विलंब सदैव सारखा असेल तर खेळणारा त्याची सवय करून घेतो, आपले बोट तेवढे आधी टेकतो, आणि तक्रार करीत नाही. परंतु एका धावेत तीन फ्रेमचा, दुसरीत पाचांचा आणि तिसरीत पुन्हा तीनांचा असा विलंब लागला, की त्याच्या कौशल्याला काही आधारच उरत नाही, आणि ज्या खेळाचा निकाल शतांशांत लागतो तो खेळ न राहता सोडत होऊन बसतो. हा विषम विलंब कुठे जन्मतो, आणि कोणत्या साधनाच्या पोटात दडून बसतो, याच एका शोधात माझी उमेदीची वर्षे गेली.

जुलै २०१६ मध्ये इंटेक्सने ५,४९९ रुपयांना ॲक्वा फिश हा फोन भारतात आणला, आणि त्यात फिनलंडच्या योला कंपनीची सेलफिश ही प्रणाली होती. २०११ साली नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून मीगोचा मार्ग सोडला, तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी योला उभी केली होती. त्यामुळे ज्याने नोकियाच्या एन९०० वर माएमोमध्ये पहिले धडे गिरवले त्या माझ्यासारख्याला हा फोन हाती घेताना जुने घराणे पुन्हा नांदू लागल्याचा आनंद झाला. त्या प्रणालीत बोटाची वार्ता काचेकडून कर्नलकडे, कर्नलकडून लिपस्टिक या कंपोझिटरकडे, आणि त्याच्याकडून वेलंड या प्रोटोकॉलच्या मार्गाने माझ्या प्रोग्रामकडे येते. प्रोग्राम चित्र काढून बफर पुन्हा लिपस्टिकच्या स्वाधीन करतो, आणि पडद्याच्या पुढच्या रिफ्रेशला ते चित्र डोळ्यांस दिसते. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एक पाळी चुकली की १६.६७ मिलिसेकंद गेलेच. या लांब मार्गावर प्रत्येक मुक्कामी दप्तरदिरंगाईला वाव आहे.

सेलफिशची स्वाभाविक वाट क्यूटी आणि क्यूएमएल ही होती. ती वाट देखणी आहे, आणि पत्ते किंवा कोडी यांच्यासाठी मी तिची शिफारस आजही करीन. परंतु क्यूएमएलमधली जावास्क्रिप्ट आपली रद्दी केव्हा उचलायची ते स्वतःच ठरवते, आणि ऐन झेंडीच्या क्षणी तिने सफाई काढली तर त्यावर अपील नाही. योलाच्या दुकानाची तपासणी ठरावीक लायब्रऱ्यांनाच मुभा देते, आणि त्या यादीत एसडीएल २ होती. मी सी भाषा आणि एसडीएल घेतली, मुख्य लूप स्वतः लिहिला, बैलांच्या गतीचे गणित ठरावीक लांबीच्या पावलांत बांधले, आणि स्पर्शाची विचारपूस चित्र काढण्याच्या अगदी आधी, शक्य तितक्या उशिरा करण्याचा परिपाठ ठेवला.

एवढ्यानेही समाधान झाले नाही, आणि याचे कारण सापडायला फार काळ लागला. एसडीएल २ प्रत्येक घटनेवर जो वेळ उमटवते तो घटना तिच्या हाती पडल्याचा असतो, बोट काचेवर टेकल्याचा नव्हे. माझा प्रोग्राम आधीच्या फ्रेममध्ये गुंतला असेल तर लवकर टेकलेले बोटही उशिराचे ठरते, आणि चपळ खेळणाऱ्याला त्याच्या चपळाईचा मोबदला मिळत नाही. वेलंड मात्र स्पर्शासोबत मिलिसेकंदांचा शिक्का पाठवीत असते. तो शिक्का मधेच गहाळ न होता माझ्यापर्यंत यावा म्हणून मी एसडीएलच्या मूळ कोडात चार ओळी घातल्या, ती लायब्ररी पॅकेजात आतच जोडली, आणि जोडी केव्हा सुटली याचा निर्णय त्या शिक्क्यावरून करू लागलो. चित्र एका फ्रेमने उशिरा दिसले तरी घड्याळ आता खोटे बोलेना.

त्या चार ओळींचा मला अभिमान आहे, आणि तो अभिमान निर्मळ नाही हेही मी जाणतो. बाहेरच्या कोणी माझे पॅकेज उघडून पाहावे, त्यात कोणतेही तयार इंजिन नाही हे पाहून थबकावे, आणि 'हे कोणी केले?' असे विचारावे, ही अभिलाषा मी कित्येक वर्षे बाळगली. नागपूर-पुण्याकडची मंडळी भेटली की मी पॅकेजाचा आकार सांगण्याची संधी शोधीत असे. खेळणाऱ्या पोराला यातले काहीच दिसत नाही. त्याला बैल दिसतात. पण कारागिराला बैलांच्या मागे आपण दिसावेसे वाटते.

पुढे जिओफोन आला. २१ जुलै २०१७ रोजी तो जाहीर झाला, आणि १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर तो लाखनी-तुमसरच्या खेड्यांतूनही दिसू लागला. त्यातली कायओएस मोझिलाने टाकून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या वंशातली, म्हणजे पायाशी लिनक्सच. परंतु वर सारा कारभार ब्राउझरचा, तोही गेको ४८ या जुन्या आवृत्तीचा. २४० बाय ३२० पिक्सेलचा पडदा, ५१२ मेगाबाइट रॅम, आणि स्पर्शाऐवजी खरीखुरी कळ. येथे सी भाषेचा दरवाजा बंद होता. वेबअसेम्ब्ली गेको ४८ ला ठाऊक नसल्यामुळे गोदोची वेबसाठीची निर्यातही निरुपयोगी होती. जावास्क्रिप्टचे फेजर हे इंजिन चालले असते, परंतु पहिले चित्र उमटण्यापूर्वी सुमारे मेगाबाइटभर कोड त्या दुबळ्या यंत्राकडून वाचून घेणे मला पटेना. म्हणून कॅनव्हासवर सारे हातानेच लिहिले, आणि धाव सुरू असताना एकही नवा ऑब्जेक्ट जन्माला घालायचा नाही, सारे आकडे आधीच आखून ठेवलेल्या टाइप्ड ॲरेत राहतील, असा नियम स्वतःवर घातला. कारण जिथे रद्दीच निर्माण होत नाही तिथे ती उचलणाराही अवेळी येत नाही.

पट पुन्हा सुरू झाल्यावर मी ती आवृत्ती एका जुन्या धुरकऱ्याच्या हाती दिली. त्याने फोन आडवा धरला, उभा धरला, कळ दोन-चारदा नुसतीच दाबून तिचा खटका जोखला, आणि मग खेळला. "बैल उसिरा सुटते ना गा, मास्तर," तो म्हणाला. कोणत्याही मोजमापाशिवाय, ज्या हातांनी खऱ्या जोड्या सोडल्या त्या हातांनी दिलेला तो निकाल होता, आणि कळ दाबली जाणे व चित्र हलणे यांत उरलेला विलंब त्या यंत्रावर माझ्याने आणखी कमी होण्यासारखा नव्हता. मी काही बोललो नाही. त्याचे म्हणणे खरे होते एवढेच माझ्या अंगठ्याने तेव्हा मला सांगितले. तेव्हा तो अजून सांगू शकत होता.

आता इतरांविषयी. मोठ्या इंजिनांचा मी द्वेष करीत नाही, परंतु ज्यांनी आपला सारा धंदा त्यांच्या हवाली केला त्यांना १२ सप्टेंबर २०२३ ची तारीख विसरता येणार नाही. त्या दिवशी युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे खेळ बसवला गेल्याच्या प्रत्येक नोंदीमागे आकार घेण्याचे फर्मान काढले. वर्षभराने ते मागे घेतले गेले, पण आपली जमीन खंडाने घेतलेली आहे हे कुळांना त्या दिवशी समजले. मी ज्या फोनांसाठी लिहितो तिथे तर मालकच नाहीसे होतात: माएमो गेली, मीगो गेली, फायरफॉक्स ओएस गेली, टायझनचे फोन गेले. नव्या पिढीतले पुष्कळजण इंजिन निवडताना त्यात काय काय तयार मिळते याची यादी पाहतात. नेमके जिथे दुखेल तिथे हात घालता येईल का, हे कोणी विचारीत नाही. त्यांच्या खेळांत झाडांची पाने सुंदर हलतात आणि गाडी बोटाच्या मागून धावते. हा मला ऱ्हास वाटतो, आणि तसे म्हणायला मी कचरत नाही.

विद्यार्थिनीने मात्र मला न विचारता गोदोवर पट उभा केला. सेलफिशवर गोदो अधिकृतपणे येत नाही. हौशी प्रोग्रामरांनी गोदोची ३ क्रमांकाची पिढी तिथे आणली आहे, तीच तिने घेतली. मी खेळून पाहिले, आणि अंगठा गप्प राहिला. तेव्हा आम्ही दुसऱ्या फोनचा सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा कॅमेरा लावला, अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरले, आणि चित्रण सावकाश पुढे सरकवीत मोजू लागलो. अशा चित्रणात एक फ्रेम म्हणजे साधारण ४.१७ मिलिसेकंद. माझ्या आवृत्तीचा विलंब स्थिर होता. तिचा डुलत होता. मला आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. "सर, मला तर हे कॅमेऱ्याआधीच जाणवत होतं," असे म्हणून तिने गोदोचा मूळ कोड उघडला, आणि स्पर्शाच्या घटना साठवून एका फ्रेममागे एकदाच पुढे देण्याची त्या इंजिनाची सवय शोधून काढून ती बंद केली. मग माझ्या चार ओळींतला शिक्क्याचा विचार तिने त्या परक्या कोडात, तिथल्या रीतीला धरून, पुन्हा लिहिला. दुसऱ्या चित्रणात तिचा आणि माझा विलंब यांत मला फरक करता आला नाही. लूप दुसऱ्याचा असूनही मुखत्यारी तिने हवी तिथे परत घेतली होती, आणि गोदोच्या एमआयटी परवान्याने तिला ती मुभा दिलेली होती. युनिटीच्या बाबतीत हे घडले नसते. लूप स्वतः लिहिलेला असावा, या माझ्या आग्रहात सत्त्व किती आणि 'हे कोणी केले?' या प्रश्नाची भूक किती, याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

सेलफिशचा पट यापुढे गोदोवर राहील, हे मी मान्य केले आहे. जिओफोनची आवृत्ती माझ्या हातची आहे तशीच राहील, कारण तिथे दुसरे काही चालत नाही, आणि मला ती आवडते. सेलफिशवर झेंडी पडण्याचा आणि जोडी सुटण्याचा जो एवढासा भाग आहे, तो मी इंजिनाच्या हवाली केलेला नाही. तो सी भाषेत, माझ्याच फाइलमध्ये आहे आणि त्याच्या माथ्यावर माझे नाव आहे. ते नाव काढावे असे तिने एकदाही सुचवलेले नाही, आणि मीही ते काढणार नाही. त्या फाइलमधली ओळ बदलली की अंगठा मात्र तिचा लागतो. तिने नकार दिला तर मी वाद घालतो, कॅमेरा मागवतो, आणि कॅमेऱ्याने तिचीच बाजू घेतली की ती ओळ पुन्हा लिहायला बसतो.