आदेश आणि आज्ञार्थ

परिभाषेचा प्रश्न मराठीत बहुधा शब्दांच्या निवडीचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. परभाषेतील शब्द तसाच ठेवावा की संस्कृतातून नवा घडवावा, येथे वाद सुरू होतो आणि येथेच संपतो. ज्या संकल्पनेसाठी शब्द हवा तिचे स्वरूप काय, हा प्रश्न मागेच राहतो. संगणकाच्या संकलकात, म्हणजे कंपायलरमध्ये, ‘इन्स्ट्रक्शन’ या संज्ञेचे जे होते ते या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

ही तपासणी नागपूरच्या संदर्भात करण्यास कारण आहे. डॉ. रघुवीर यांची भारतीय संस्कृतीविषयक संस्था १९४६ मध्ये लाहोरहून नागपुरास आली आणि १९५६ मध्ये दिल्लीस जाईपर्यंत येथेच होती. नागपूर तेव्हा राजधानी होते आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषा राज्यकारभारात आणण्याचा विचार येथे गांभीर्याने चालू होता. रघुवीरांच्या कोशकार्याचा महत्त्वाचा काळ याच शहरातला. सुमारे पाचशे धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय यांच्या संयोगातून लक्षावधी शब्द सिद्ध होतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या नावावर खपवलेल्या हास्यास्पद शब्दांचीच आठवण लोकांना अधिक राहिली; परंतु विधी, विधेयक, अवैध ही शब्दमाला आज कोणालाच खटकत नाही. शब्द एकेकटा न घडवता त्याचे कुल घडवावे, हे त्यांचे मूळ सूत्र होते.

‘दिश्’ धातूचे कुल पाहावे: आदेश, निर्देश, उपदेश, संदेश. हिंदी परिभाषेत इन्स्ट्रक्शनसाठी ‘अनुदेश’ आहे, तो याच कुलातला. मराठीने वेगळी वाट धरली. येथे प्रोग्रॅमला ‘आज्ञावली’ म्हटले गेले. तेव्हा तिचा घटक ‘आज्ञा’ होणे ओघानेच आले. शब्द सोपा आहे, घरगुती आहे. पण तो बरोबर काही गृहीतेही घेऊन येतो. आज्ञा म्हटली की ती देणारा आला, ऐकणारा आला आणि पाळणाराही आला. मराठी व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ही आज्ञार्थाची, द्वितीय पुरुषाची जागा आहे.

यंत्राच्या प्रक्रियकापाशी हे गृहीत चालून जाते. ‘या दोन संख्यांची बेरीज कर’ असे त्याला सांगितले जाते आणि तो ती करतो. संकलकाच्या पोटात मात्र चित्र पालटते. तेथे मूळ आज्ञावलीचे एका मधल्या रूपात रूपांतर होते आणि त्या रूपाच्या घटकांनाही इन्स्ट्रक्शन असेच म्हणतात. हे घटक संकलनाच्या वेळी सहसा कोणी पाळत नाही; ते वाचले जातात, तपासले जातात, हलवले वा पुसले जातात. एलएलव्हीएम या संकलक-व्यवस्थेचे काम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाले. तिच्या मध्यरूपात बेरजेची ओळ ‘अ आणि ब यांची बेरीज म्हणजे क’ अशी वाचता येते आणि ‘क’ला दुसऱ्यांदा मूल्य देता येत नाही. ही आज्ञा नाही, व्याख्या आहे. आज्ञार्थ नाही, स्वार्थ आहे. ‘फाय’ नावाची इन्स्ट्रक्शन तर कोणत्या वाटेने येथे पोहोचलो त्यावरून मूल्य ठरवते. तिच्या जोडीची क्रिया प्रक्रियकापाशी सहसा नसतेच.

जीसीसी या १९८७ पासूनच्या संकलकात ही अडचण अधिक स्पष्ट दिसते. तेथील एका अंतर्गत रूपातील घटकांना ‘इन्सन’ असे तोडके नाव आहे. त्यांच्या साखळीत गणिती क्रिया असतात, उड्या असतात, तशाच खुणेच्या पाट्या आणि निव्वळ टिपणेही असतात. टिपण ही कोणत्या अर्थाने इन्स्ट्रक्शन? साखळीत तिला जागा आहे, एवढ्याच अर्थाने. संज्ञेचा अर्थ व्युत्पत्तीतून नव्हे, तर व्यवस्थेतील स्थानातून निश्चित होतो, हे चिन्हमीमांसेचे तत्त्व येथे उघडपणे कार्य करताना दिसते.

मग ‘आदेश’ शब्दाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. कचेरीच्या मराठीत आदेश म्हणजे हुकूम. पाणिनीय परंपरेत मात्र आदेश म्हणजे एकाच्या जागी येणारा दुसरा. ज्याच्या जागी तो येतो तो स्थानी. विशिष्ट प्रत्ययांपूर्वी ‘अस्’ धातूच्या जागी ‘भू’ येतो. आणि ध्वनींवर अवलंबून असलेली कार्ये वगळता आदेशाला स्थानीसारखेच मानावे, अशी व्यवस्था आहे. संकलकाचा धर्म याहून फार वेगळा नाही. आठने गुणण्याच्या जागी तो द्विमान अंक तीन घरे डावीकडे सरकवणे ठेवतो. रूप बदलते, फल तेच राहिले पाहिजे. मध्यरूपातील इन्स्ट्रक्शन ही अशी आदेशांच्या मालिकेतील एक पायरी असते: मागच्याचा आदेश, पुढच्याचा स्थानी. जुन्या शास्त्राने नवे यंत्र आधीच जाणले होते असा अभिमान यातून काढणे व्यर्थ आहे. साम्य आहे ते प्रतिस्थापनाच्या रीतीचे.

येथे पणाला लागते ते विद्यार्थ्याचे आकलन. नागपूरचा विद्यार्थी घरी मराठी, सीताबर्डीवर हिंदी आणि वर्गात इंग्रजी वापरतो. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली, तेव्हा पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. ‘इन्स्ट्रक्शन’ तसाच ठेवला तर तो पाठ होतो, उलगडत नाही. ‘आज्ञा’ म्हटले तर तो लगेच उलगडतो, पण चुकीच्या दिशेने. विद्यार्थी ती पाळणारा शोधू लागतो आणि मध्यरूपात तो सापडत नाही. ‘आदेश’ म्हणावे तर कचेरीचा अर्थ आडवा येतो. निर्दोष शब्द यांत कोणताच नाही.

रघुवीरांच्या कार्याची मर्यादाही येथेच जाणवते. शब्द घडला की अर्थ त्याच्यामागोमाग येईल, असा त्यांचा विश्वास होता. त्यांचे टीकाकारही वेगळ्या रीतीने तेच मानत होते. त्यांना वाटे, ओळखीचा शब्द ठेवला की अर्थ आपोआप राखला जाईल. दोघांनीही शब्दाकडून फार अपेक्षा केली. संज्ञा ही केवळ पाटी असते. ती कोठे लावली आहे, तिच्या आधी काय होते आणि तिच्या जागी पुढे काय येणार, हे वाक्यावाक्याने मराठीत सांगितले गेले, तर ‘इन्स्ट्रक्शन’ही मराठी होऊ शकतो. ते विवेचन घडले नाही, तर ‘अनुदेश’ही परकाच राहील.